गोठवलेले शुक्राणू आणि होणारं बाळ: तापीकाठच्या एका जोडप्याचं प्रकरण

मी जळगावात वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांचं समुपदेशन करते. हे प्रकरण त्या जोडप्याच्या परवानगीने लिहिते आहे. वयं, ठिकाणं आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले, तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

रावेर-यावल पट्ट्यात केळीची शेती असलेलं एकत्र कुटुंब. धाकटा मुलगा 25 वर्षांचा असताना त्याच्या एका वृषणात गाठ लागली. दुखत नव्हती, आणि जागा अशी की घरात बोलायची सोय नाही. तीन-चार महिने त्याने अंगावर काढले. शेवटी मित्राच्या आग्रहाने भुसावळला सोनोग्राफी केली आणि तिथून प्रकरण थेट मुंबईला गेलं. वृषणाचा कर्करोग. वृषण काढलं, पण पोटातल्या लसिकाग्रंथींपर्यंत आजार पोचला होता. त्यामुळे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन या तीन औषधांच्या तीन फेऱ्या ठरल्या. या वयातल्या पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत हा बरा होण्याची शक्यता खूप चांगली असलेला, आणि तो बरा झालाही.

शस्त्रक्रिया आणि केमो यांच्यामध्ये थोड्या दिवसांची फट होती. तेव्हा कर्करोगतज्ज्ञांनी सांगितलं, शुक्राणू गोठवून ठेवा. मुलाचं लग्नही ठरलं नव्हतं. सोबत होते ते त्याचे वडील, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. दोघं नाशिकला एका शुक्राणू बँकेत गेले, एक दिवस मध्ये सोडून दोन नमुने दिले आणि आठ कांड्या, म्हणजे नमुना साठवायच्या बारीक नळ्या, भरून झाल्या. पुढे दरवर्षी केळीचा पैसा हाती आला की आप्पा त्या कांड्यांचं भाडं गुपचूप भरत राहिले.

गोठवण्याआधीच्या तपासणीत शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला 1 कोटी 40 लाख होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे, म्हणजे केमोच्या आधीच आकडा थोडा कमी होता. वृषणाच्या कर्करोगात असं बऱ्याचदा दिसतं.

तीन वर्षांनी लग्न झालं. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, लग्नानंतर तालुक्याच्या गावी शिकवण्या घेणारी. मुलीकडच्यांना आजाराबद्दल लग्नाआधी सांगितलं होतं. कांड्यांबद्दल नाही.

प्रश्न उभा राहिला तो असा

दीड वर्ष दिवस राहिले नाहीत म्हणून दोघं आले. तिच्या तपासण्यांत काही निघालं नाही. त्याच्या नव्या नमुन्यात संख्या मिलिलिटरला 20 लाख, हालचाल मंद, आणि शुक्राणूंच्या डीएनएतल्या तुटीचं प्रमाण 30 टक्क्यांच्या वर. केमोनंतर पुष्कळ पुरुषांत शुक्राणुनिर्मिती दोन-तीन वर्षांत बऱ्यापैकी सावरते. याची अर्धवटच सावरली होती.

त्या भेटीत तो एकदम गप्प झाला. मी तिला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा त्याने नाशिकच्या कांड्यांचं सांगितलं. हे तिला मी सांगायचं नाही, त्यानेच सांगायचं, एवढं आमचं ठरलं. ती आत आली, त्याने सांगितलं. तिला राग कांड्यांचा नव्हता, आप्पांना माहीत आणि आपल्याला नाही याचा होता. त्या दिवशी पुढचं काही बोलणं झालं नाही, आणि होऊही नये.

पुढच्या भेटीला ती कागद घेऊन आली. इंटरनेटवरून काढलेली पानं, जागोजागी अधोरेखित. गोठवल्यामुळे शुक्राणूंमध्ये एपिजेनेटिक बदल, म्हणजे जनुकं चालू-बंद ठरवणाऱ्या खुणांतले बदल, होतात, ते बदल पुढच्या पिढीत जाऊ शकतात, अशा आशयाची वाक्यं. तिचे प्रश्न तीन होते. गोठवल्याने या खुणा बदलतात का? बदलल्याच तर बाळापर्यंत पोचतात का? आणि मग आत्ताचे ताजे शुक्राणू वापरलेले बरे नाहीत का? पहिल्या दोन प्रश्नांना मी पुढे बराच वेळ दिला, पण या घरासाठी खरा निर्णय तिसऱ्या प्रश्नात होता.

घरातल्यांचे प्रश्न वेगळेच. सासूबाई म्हणाल्या, "बर्फात ठेवेल बी ते, पोराले सर्दी-पडसं त नाही ना राहणार जनमभर?" मोठ्या दिराला लोडशेडिंगची काळजी: लाइट गेली तर? आप्पा मात्र निर्धास्त. "आपल्या गोठ्यातले सारे वासरं कांडीचेच हायेत. कोनाले काय झालं?"

गोठवताना नेमकं काय होतं

दिराचं उत्तर सोपं होतं. कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये असतात, उणे 196 अंशांवर. टाकीला विजेची गरज नसते. उडून जाणारा नायट्रोजन वेळच्या वेळी भरावा लागतो, एवढंच. सासूबाईंना सांगितलं की गर्भात शिरण्याआधीच सगळं शरीराच्या तापमानाला आलेलं असतं. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण प्रश्न पुन्हा आला नाही. (गोठवण्याच्या कित्येक माध्यमांत अंड्याचा बलक असतो. माळकरी घरात ही माहिती कशी द्यायची, यावर आमच्याकडे एकदा चर्चा झाली होती. या बँकेच्या माध्यमात तो नव्हता, त्यामुळे प्रसंग टळला.)

तिच्यासाठी मात्र मुळापासून जावं लागलं. शुक्राणू थंड होताना पेशीतलं पाणी गोठतं, बर्फाचे स्फटिक पेशीच्या पडद्याला इजा करतात, क्षारांचं प्रमाण एकदम बदलतं आणि वितळवताना ऑक्सिजनचे त्रासदायक रेणू वाढतात. ही हानी कमी करायला ग्लिसरॉल वापरतात. ग्लिसरॉलचा हा गुण 1949 साली इंग्लंडमध्ये कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना सापडला. त्यानंतर चारच वर्षांत, 1953 मध्ये, अमेरिकेतल्या आयोवातून गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याची नोंद झाली. म्हणजे माणसांतला हा अनुभव सत्तर वर्षांचा आहे. गोठवून वितळवल्यावर हलणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, आणि काही शुक्राणूंत डीएनएची तूट वाढते. हे नुकसान पक्कं माहीत आहे. हे एपिजेनेटिक नाही, सरळ मोडतोड आहे. अशा शुक्राणूंतले बरेचसे फलनापर्यंत पोचतच नाहीत.

एपिजेनेटिक खुणा म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता कोणतं जनुक चालू, कोणतं बंद हे ठरवणारी व्यवस्था. शुक्राणूत ती मुख्यतः तीन रूपांत दिसते: डीएनएवर चिकटलेले मिथाइल गट, डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं, आणि काही छोटे आरएनए. शुक्राणू तयार होताना नेहमीची हिस्टोन प्रथिनं काढून बहुतांश जागी प्रोटामिन बसतात, म्हणून डीएनए अतिशय घट्ट आवळला जातो. तयार शुक्राणूत जनुकं वाचली जात नाहीत, पेशी विभागत नाही. खुणा लिहिण्याचं काम त्याच्या आधीच, वृषणात, झालेलं असतं. काही खुणांची पायाभरणी तर तो पुरुष स्वतः आईच्या पोटात असताना झालेली असते.

नवरा इथे बोलला. त्यांच्याकडे केळीची लागवड टिश्यूच्या रोपांची. तो म्हणाला, एकाच मातृवृक्षाची हजारो रोपं असली तरी एखादं खुजं किंवा वेगळ्याच पानाचं निघतं, तसं हे आहे का? माझ्या मते त्या दिवसातला हा सगळ्यात उपयोगी प्रश्न होता. टिश्यूच्या रोपांत अशी गडबड होण्याचं एक कारण म्हणजे बाटलीत पेशी पुन्हापुन्हा विभागत राहतात आणि त्या विभाजनांत खुणा सरकू शकतात. (सगळी वेगळी रोपं त्याच कारणाने होत नाहीत, काहींत जनुकंच बदललेली असतात.) टाकीतला शुक्राणू विभागत नाही, वाढत नाही, त्याच्यासाठी वेळ थांबलेला असतो. 2004 मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 21 वर्षं गोठवलेल्या शुक्राणूंपासून झालेल्या बाळाची नोंद प्रसिद्ध केली. त्या बापानेही वृषणाच्या कर्करोगावरच्या उपचारांआधी, 17 व्या वर्षी, नमुने ठेवले होते. केळीच्या बाटलीशी नातं सांगायचंच तर ते प्रयोगशाळेतल्या पाच दिवसांच्या भ्रूणाशी सांगावं लागेल. तिथे पेशी विभागतात, बापाकडच्या बहुतेक मिथाइल खुणा काही तासांत पुसल्या जातात आणि पुढे नव्याने लिहिल्या जातात. त्यातून सुटतात ती ठसा असलेली जनुकं, म्हणजे ज्यांची एकच प्रत, आईकडची किंवा बापाकडची, चालू असते. माणसात अशी जनुकं शंभराच्या आगेमागे आहेत. गोठवण्याने बाळाला एपिजेनेटिक इजा व्हायचीच असेल तर ती मुख्यतः या जनुकांवर दिसावी.

म्हणून मी तिला त्याच जनुकांवरचा अभ्यास सांगितला. 2012 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मानवी शुक्राणूंत ठसा असलेल्या निवडक जनुकांचं मिथायलेशन, म्हणजे मिथाइल खुणांचं प्रमाण, गोठवण्याआधी आणि नंतर मोजलं. फरक आढळला नाही. अभ्यास लहान, जनुकं मोजकी, हेही सांगितलं. मासे, उंदीर आणि इतर प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत गोठवल्यानंतर मिथायलेशनमध्ये बदल दिसले आहेत. तिच्या कागदांवरची बरीच वाक्यं अशा प्रयोगांतली होती. त्या प्राण्यांत वापरलेली रसायनं, गोठवण्याचा वेग आणि शुक्राणूंची बांधणी वेगळी असते, त्यामुळे ते निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत. त्यांच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

आप्पांची वासरंही पुरावाच आहेत, पण तोकडा. कांडीने गाभण राहिलेल्या गायींची वासरं कित्येक दशकं आपल्या डोळ्यांसमोर आहेत, आणि मोठा, ढळढळीत धोका असता तर लपला नसता. पण तिथे वळू निवडतानाच ज्यांचं वीर्य गोठवणं सोसतं असे निवडतात. शिवाय गायीच्या शरीरात शुक्राणूंची शर्यत होते, अशक्त मागे पडतात. इथे प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ सुईने एक शुक्राणू उचलून बीजांडात सोडणार होती. माणसांतला जास्त जवळचा पुरावा फ्रान्समधला आहे. तिथल्या सेकॉस या शुक्राणू बँकांच्या जाळ्याने, जे 1973 पासून काम करतं, दात्यांच्या गोठवलेल्या शुक्राणूंपासून झालेल्या हजारो गर्भधारणांचा मागोवा घेतला. जन्मजात दोषांचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येसारखंच निघालं. पण दाते निरोगी असतात. आपला माणूस तेव्हा आजारी होता. हा फरक तिनेच दाखवून दिला.

पर्याय

नैसर्गिकरीत्या आणखी वाट पाहणं शक्य होतं. ती 25 वर्षांची, वेळ हाताशी होता. पण 20 लाखांच्या संख्येवर दीड वर्ष गेल्यावर हा पर्याय दोघांनाही नको होता. दात्याचे शुक्राणू आणि दत्तक, दोन्ही मी नाव घेऊन मांडले. दोघांनी "आत्ता नाही" म्हटलं, आणि मी तो विषय बंद न करता बाजूला ठेवला.

आययूआय, म्हणजे धुतलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, सगळ्यांना आवडलेला पर्याय होता. स्वस्त, कमी ढवळाढवळ, आणि आप्पांच्या भाषेत "गायीसारखंच". इथे हिशोब आडवा आला. कांडी अर्ध्या मिलिलिटरची, त्यात निम्मं गोठवण्याचं माध्यम. म्हणजे कांडीत एकूण 35 लाखांच्या आसपास शुक्राणू, त्यातले हलणारे चाळीस टक्के, आणि वितळल्यावर त्याचे निम्मे. बँकेने एक कांडी वितळवून पाहिली तेव्हा हलणारे जेमतेम सहा लाख भरले. आययूआयला काही दशलक्ष हवे असतात. सगळ्या कांड्या एकत्र केल्या तरी एकच प्रयत्न, आणि तो फसला तर केमोआधीचा साठा संपला. घरच्यांना हे कागदावर आकडे मांडून दाखवल्यावर लगेच कळलं. शेतकऱ्याला बियाण्याचा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

राहिलं इक्सी, 1992 मध्ये ब्रुसेल्समधून पुढे आलेलं तंत्र, ज्यात एका बीजांडाला एकच शुक्राणू लागतो. एक कांडी पुरते. मग प्रश्न, शुक्राणू कुठले: आत्ताचे की टाकीतले?

निर्णयाची जागा पहिली: ताजे की गोठवलेले

"ताजे" म्हणजे चांगले, असं आपण भाजीपासून दुधापर्यंत मानतो. इथे ताजे म्हणजे केमोनंतरचे. सिसप्लॅटिनसारखी औषधं विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात आणि शुक्राणू बनवणाऱ्या मूळ पेशीही सतत विभागत असतात. म्हणून केमोनंतर निदान वर्षभर गर्भधारणा टाळायला सांगतात. आमच्या जोडप्याच्या बाबतीत ती मुदत कधीच उलटली होती, त्यामुळे ताजे वापरणं निषिद्ध नव्हतं. हे मी ठासून सांगितलं, कारण आप्पांच्या बोलण्यात "ते औषधाचं विष अजून अंगात हाय" असं येत होतं आणि मुलाच्या चेहऱ्यावर ते वाक्य बसत होतं.

डेन्मार्क आणि स्वीडनच्या जन्मनोंदींवरचा एक मोठा अभ्यास 2011 मध्ये आला. कर्करोग होऊन गेलेल्या बापांच्या मुलांत मोठ्या जन्मजात दोषांचं प्रमाण 3.7 टक्के, इतरांच्या मुलांत 3.2 टक्के. हजारात 37 आणि 32. मी हे आकडे असेच, हजारात, सांगते. "सोळा टक्के जास्त" म्हटलं की माणूस घाबरतो, आणि दोन्ही वाक्यं एकाच आकड्यांतून निघतात.

डॉक्टरांनी एक मधला मार्ग सुचवला होता: निम्मी बीजांडं ताज्या शुक्राणूंनी आणि निम्मी गोठवलेल्यांनी फलित करायची. वैद्यकीयदृष्ट्या वाजवी कल्पना. तिने विचारलं, दोन्हीकडून चांगले भ्रूण झाले तर आधी कुठला सोडायचा ते कोण ठरवणार? उत्तर असं की सूक्ष्मदर्शकाखाली जो दिसायला चांगला असेल तो. मग पुढे बाळाला काहीही झालं, अगदी साधा दमा झाला, तरी आम्ही दोघं आयुष्यभर "ते कुठलं होतं" हेच धरून बसू, असं ती म्हणाली. तो पर्याय तिथेच गळला, आणि माझ्या मते योग्य कारणाने गळला.

शेवटी पारडं फिरलं ते डीएनएच्या तुटीच्या अहवालाने आणि कमी संख्येने. त्या अहवालाला मी स्वतः थोडं कमी वजन देते, कारण प्रत्येक पद्धतीची सीमारेषा वेगळी असते. पण केमोआधीचे शुक्राणू हाताशी आहेत, एका कांडीत काम होतं, आणि गोठवण्याचा माहीत असलेला तोटा, म्हणजे हालचाल घटणं, इक्सीमध्ये जवळजवळ निरर्थक ठरतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या. एपिजेनेटिक्सच्या बाजूने गोठवलेल्यांविरुद्ध उभं राहील असं काही सापडलं नाही, आणि केमो झालेल्या वृषणातल्या खुणा अधिक शाबूत असतील असं मानायलाही आधार नव्हता.

याच सुमारास एका प्रयोगशाळेचं पत्रक त्यांच्या हाती पडलं: शुक्राणूंची मिथायलेशन तपासणी. नवऱ्याला करावीशी वाटली. मी दोन प्रश्न विचारले. अहवाल वाईट आला तर काय वेगळं करणार? आणि तपासलेला शुक्राणू परत वापरता येतो का? तपासणीत पेशी नष्ट होते, कांडी खर्ची पडते, आणि ज्या शुक्राणूची तपासणी झाली तो बाळात जात नाही. पत्रक परत गेलं.

कृती

कांड्या जळगावला आणायच्या की उपचारासाठी नाशिकला जायचं, हा छोटा पण वेळखाऊ प्रश्न होता. नायट्रोजन शोषून घेणाऱ्या खास पात्रातून कांड्या सुरक्षित नेता येतात. पण हलवाहलवीत कागदपत्रं वाढतात, आणि सातच कांड्या उरल्या असताना कुणालाच जोखीम नको होती. सोनोग्राफी आणि इंजेक्शनं जळगावात, बीजांडं काढणं आणि पुढचं नाशिकला, असं ठरलं. उन्हाळा होता. आमच्याकडचा मे म्हणजे 44-45 अंश. इंजेक्शनं बर्फाच्या डब्यातून गावी न्यायची, गाडी उन्हात उभी करायची नाही, हे मी लिहून दिलं. भुसावळहून नाशिक रोडपर्यंत ती दोघं रेल्वेने गेली, तिथे तिच्या मावशीकडे राहिली.

अकरा बीजांडं निघाली, नऊ पक्व होती. एकच कांडी वितळवली आणि ती पुरली. सहा फलित झाली, पाचव्या दिवशी तीन चांगले भ्रूण उरले. एक सोडला, दोन गोठवले. गर्भधारणा झाली नाही.

निर्णयाची जागा दुसरी: जे कुणी विचारलं नव्हतं

अपयशानंतर घरात अपेक्षित वाक्य आलं: कांडीचं होतं म्हणून. तरुण बाईतही चांगला दिसणारा भ्रूण सोडला तरी निम्म्याच्या आसपास प्रयत्न वाया जातात, बऱ्याचदा कारण भ्रूणाच्या गुणसूत्रांत असतं, हे मी सांगितलं. त्यापुढे मी वाद घातला नाही.

पण आता पुढचा प्रयत्न गोठवलेल्या भ्रूणाचा होता, आणि गंमत म्हणजे यावर घरात कुणालाच शंका नव्हती. महिनाभर शुक्राणू गोठवण्यावरून झोप उडालेली, आणि भ्रूण गोठवलेत हे सगळ्यांनी सहज मान्य केलेलं. खरं तर माणसांतल्या नोंदी इथेच बोलतात. गोठवलेल्या भ्रूणापासून झालेली बाळं सरासरीने थोडी जड असतात, आणि अशा गर्भारपणात आईला रक्तदाबाचा त्रास होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं. ताज्या भ्रूणांच्या बाबतीत उलट, बाळं थोडी हलकी. यात गोठवणं किती, प्रयोगशाळेतले दिवस किती आणि आईचे हार्मोन किती, हे अजून पूर्ण सुटलेलं नाही. ठसा असलेल्या जनुकांच्या बिघाडातून होणारा बेकविथ-वीडेमन हा विकार साधारण दर 10 ते 13 हजार जन्मांत एकदा दिसतो. प्रयोगशाळेत फलन झालेल्या बाळांत तो काही पट जास्त दिसतो. तरीही प्रत्यक्ष आकडा लहानच राहतो.

हे मी तिला सांगितलं. ती चिडली नाही. तिने विचारलं, यात आपल्या हातात काय आहे? आणि इथे खरंच काहीतरी हातात होतं. गोठवलेला भ्रूण सोडताना गर्भाशयाचं अस्तर दोन प्रकारे तयार करता येतं: बाहेरून हार्मोन देऊन, किंवा बाईच्या स्वतःच्या पाळीचा अंदाज घेत. पहिल्या पद्धतीत बीजांड फुटत नाही, त्यामुळे त्यानंतर अंडाशयात तयार होणारी हार्मोनची गाठही बनत नाही. गर्भारपणातल्या रक्तदाबाचा धोका त्या पद्धतीत जास्त दिसतो. तिची पाळी नियमित होती. डॉक्टरांनी आधी सोयीची म्हणून पहिली पद्धत लिहिली होती, कारण तारीख आधी ठरवता येते आणि लांबून येणाऱ्यांना ते बरं पडतं. तिने नैसर्गिक पाळीची मागणी केली. त्यासाठी सोनोग्राफीच्या फेऱ्या वाढल्या, नाशिकचं तिकीट ऐनवेळी काढावं लागलं. डॉक्टरांनी मान्य केलं.

निष्पत्ती

दुसऱ्या भ्रूणाने गर्भ राहिला. गर्भारपणभर रक्तदाब आणि साखर नेहमीपेक्षा बारकाईने पाहिली, दोन्ही ठीक राहिली. 38 व्या आठवड्यात जळगावात मुलगी झाली, वजन तीन किलोच्या जरा वर. जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांना आम्ही काही गोष्टी मुद्दाम पाहायला सांगितल्या होत्या: जीभ मोठी आहे का, नाळेच्या जागी पोटाची भिंत नीट आहे का, हातापायांत उजवं-डावं फरक आहे का, पहिल्या दिवसांत रक्तातली साखर घसरते का. ही बेकविथ-वीडेमनची चिन्हं. काही निघालं नाही. वर्षाच्या तपासणीतही वाढ आणि हालचाली वयानुसार होत्या.

या एका मुलीवरून गोठवण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आप्पा मात्र गावात ते सिद्ध झाल्यासारखंच सांगतात, आणि मी त्यांना अडवायला जात नाही.

वेगळं काय करता आलं असतं

शुक्राणू गोठवायचा सल्ला वृषण काढण्याच्या आधी मिळायला हवा होता. त्या आठवड्याने एखादा नमुना वाढला असता, आणि आकडाही कदाचित बरा आला असता. दोन नमुन्यांतून आठ कांड्या झाल्या, पण त्याच वीर्याच्या लहान-लहान भागांत जास्त कांड्या भरल्या असत्या तर इक्सीसाठी प्रयत्न वाढले असते. बँकांनी हे विचारायला हवं: पुढे कशासाठी वापरणार? 25 वर्षांच्या, घाबरलेल्या मुलाला ते माहीत नसतं.

गोठवण्याआधी डीएनएच्या तुटीची तपासणी झाली नव्हती. झाली असती तर ताजे आणि गोठवलेले यांची तुलना एकाच मापाने झाली असती. आम्ही निर्णय घेतला तो एका बाजूचा आकडा नसताना.

संमतीपत्रात "मृत्यू झाल्यास काय करायचं" हा रकाना रिकामा होता. तो भरायला कुणी लावलंच नाही. केमोला निघालेल्या माणसाला असं विचारणं जड जातं, पण रिकाम्या रकान्यापायी घरात कोर्टकज्जे होऊ शकतात. आता तो भरला आहे.

लग्नाआधी आजार सांगितला आणि कांड्या लपवल्या, हे कुटुंबाने ठरवून केलं नव्हतं, त्यांना ते दोन वेगळे विषय वाटले. कर्करोगानंतरच्या तपासण्यांत कुणीतरी हा धागा धरायला हवा होता: लग्न ठरतंय, तर साठ्याबद्दल जोडीदाराशी बोला. आमच्याकडे आता अशा रुग्णांच्या फाइलवर तशी नोंद करतात.

आणि भ्रूण गोठवण्याबद्दलचं बोलणं पहिल्या प्रयत्नाच्या आधीच व्हायला हवं होतं, शुक्राणूंच्या बोलण्यासोबत. दोन्हीला "गोठवणं" म्हणतात म्हणून घरच्यांनी एकाच्या शंका फेडल्या की दुसऱ्याच्या फिटल्या असं धरलं. बीजांडं काढायच्या आधी हे स्पष्ट झालं असतं तर पहिला ताजा भ्रूण सोडायचा की सगळेच गोठवायचे, यावरही तिने मत दिलं असतं.

सध्या नाशिकला सहा कांड्या आणि एक भ्रूण आहे. 2021 च्या सहाय्यित प्रजनन कायद्यानुसार भ्रूण 10 वर्षांपेक्षा जास्त साठवता येत नाही, त्यामुळे आधी भ्रूण आणि मग लागल्या तर कांड्या, असा क्रम जोडप्याने लिहून दिला आहे. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर ते पुन्हा येणार आहेत. पुढचा प्रयत्नही नैसर्गिक पाळीतच करायचा, हे तिने फाइलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं आहे.